मिरल

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘स्पेलिंग’ म्हणत, अर्थात पाठीमागे. शेवटच्या पानावरचं इंग्रजी शब्दकोडं तो करायचा. पाच चौकोन, त्यांतली काही अक्षरं छापलेली. उरलेली भरून जितके शब्द होतील तितके वाचकांनी लिहून पाठवायचे. या कामाचा त्याला अभिमान होता, आणि ज्यांच्यासाठी ते करायचं त्यांच्याबद्दल निव्वळ तिटकारा. वाचक म्हणजे अकलेचे खंदक, असं त्याचं मत होतं. आलेली उत्तरं तो मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी दोन बोटांत धरायचा.

त्या आठवड्यात त्यानं पहिलं अक्षर एम, मधलं आर आणि शेवटचं एल दिलं होतं. मॉरल आणि म्युरल कुणालाही सुचले असते. तिसरा शब्द होता मोरेल, एका जातीची अळंबी.

“हा कुणाच्या बापाला यायचा नाही,” संगणकावर पानं लावणाऱ्या बाईंना तो म्हणाला होता. त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या होत्या.

उत्तरं आली. मोरेल शोधत त्यानं ती भरभर चाळली; अळंबी कुणालाच आली नव्हती, तेव्हा तो खूश झाला. पण तपासायला बसला तर पहिल्याच कागदावर म्युरलच्या खाली आणखी एक शब्द होता. एम, आय, आर, ए, एल. मिरल. त्यानं नाक मुरडून लाल फुली मारली. दुसऱ्या कागदावरही मिरल. तिसऱ्यावर मॉरल नव्हता, म्युरल नव्हता, नुसता मिरल. एकानं शेण खाल्लं की बाकीचे पानं मांडून बसतात, असं म्हणत तो फुल्या मारत गेला. गठ्ठा संपेपर्यंत लाल शाई फिकी पडली.

“बघा, एकाहून एक रत्नं!” तो बाईंना म्हणाला. “मिरल म्हणे!”

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “मग? बरोबर आहे की.”

“मिरल?”

“मला वाटलं, अगदीच सोपा म्हणून तुम्ही सोडलात.”

“अर्थ सांगा.”

त्या हसल्या. मग त्याचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. “सर, तुमच्याकडे नाहीये? आमच्याकडचा आईच्या खोलीत असतो.”

त्यानं कपाटातला सगळ्यात जाड शब्दकोश आणून त्यांच्या टेबलावर आपटला. “दाखवा.”

बाईंनी सरावानं पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. “हा काय.”

त्यांच्या बोटाखाली एक शब्द संपत होता आणि दुसरा सुरू होत होता. मध्ये पांढरा कागद होता.

“चष्म्याचा नंबर वाढला असेल, सर,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कीव होती. कचेरीत आजवर त्याची कीव कुणी केली नव्हती; द्वेष केला होता, तो त्याला चालत असे.

घरी जाताना त्याला एकच गोष्ट खुपत राहिली. बाई ‘आमच्याकडचा’ म्हणाल्या होत्या. परका शब्द मराठीत आला की त्याचं लिंग ठरायला वेळ लागतो. तो, ती की ते यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. शब्द घरात राहावा लागतो, रोज तोंडात यावा लागतो. बाई तर जराही अडखळल्या नव्हत्या.

बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या इंग्रजीला तो इतकी वर्षं हसत आला होता की त्याच्यासमोर ती टेबललासुद्धा टेबल म्हणायला कचरायची. म्हणूनच त्यानं तिला विचारलं. तिला येणार नाही याची त्याला खात्री होती, आणि ती खात्री त्याला हवी होती.

“मिरल म्हणजे काय गं?”

तिचे हात थांबले. “आज हे काय काढलंत?”

“माहीत आहे की नाही, तेवढं सांग.”

“माहीत नसायला काय झालं? तो काय, तिथे.”

तिनं हनुवटीनं कपाट आणि खिडकी यांच्यामधला कोपरा दाखवला. तिथे काही नव्हतं. संध्याकाळचं ऊन फरशीवर पडलं होतं, एवढंच. मग त्याच्या ध्यानात आलं की तिथे कधीच काही नव्हतं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, कपाटावर बॅगा, पलंगाखाली खोकी. पण त्या कोपऱ्यात तिनं आजवर साधी केरसुणीही टेकवली नव्हती.

“सगळ्यांनी मिळून माझी थट्टा चालवली आहे,” तो म्हणाला. “कचेरीतून फोन आला ना तुला?”

“नाही हो.”

“मूर्खांचा बाजार नुसता!” तो ताडताड कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही हात फिरवले, भिंतीवर थाप मारली. “कुठाय? हा कोपरा, ही भिंत. कुठाय तुझा मिरल?”

“अहो, नका,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुम्ही कधी नाव घेतलं नव्हतंत त्याचं.”

तो मोठ्यानं हसला.

बायको हसली नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिची नजर त्याच्या पायांशी होती.

मग ती नजर हळूहळू वर सरकली. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत.

छातीपाशी थोडी थांबली.

“काय बघतेस?” त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

तिची नजर त्याच्या डाव्या खांद्यावर येऊन टेकली. तिनं हातातला टॉवेल आवाज न करता खाली ठेवला.

“हळू बोला,” ती कुजबुजली. “आणि हलू नका. आत्ताच डोळा लागलाय त्याला.”

तो हलला नाही. शर्ट खांद्यापाशी ओला झाला होता, झोपेत लाळ गळावी तसा, आणि ती ओल कोमट होती.