पलीकडचा ठोका

सकाळी चहाची कपबशी विसळून पालथी घातली, पहार खांद्यावर घेतली आणि उत्तरेश्वर नेकनूरच्या शिवारातल्या गावविहिरीत उतरला. त्याच्या जोडीला खोदणारा मुबीन तळाशी कंदील पेटवून तयार होता. बोअरची गाडी नुसती धूळ उडवून परत गेली, तेव्हापासून वस्तीची सारी आशा विहिरीच्या पोटातून खोदलेल्या आडव्या बोगद्यावर होती. त्याच्या टोकाचा खडक कालपासून ओला लागत होता.

कोळशाच्या खाणीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन परतलेल्या उत्तरेश्वरने तिथला रिवाज सोडला नव्हता. छत वाजवल्याखेरीज त्याखाली जायचं नाही. डावा तळहात दगडाला टेकवायचा, उजव्या हाताने पहार मारायची. खणखणीत वाजलं तर छत धड. भद्द वाजलं तर सुटलेलं.

"वाजवा मामा तुमचा तबला," मुबीन हसला.

खण्.

आणि तळहाताखाली, दगडाच्या पलीकडून, दुसरा ठोका. भद्द.

पहिल्या दिवशी त्याला तो प्रतिध्वनी वाटला होता. पण प्रतिध्वनी सूर बदलत नाही. त्याने पुन्हा पहार उचलली. ती दगडाला लागण्याआधीच पलीकडून ठोका आला.

"ऐकलंस?"

"खणखणीत तर हाय. कावून घाबरता? घरवालीचे, अफसानाचे दिवस भरलेत, तरी घागर घेऊन टँकरमागं पळती. आज पाणी काढायचंच, मामा."

एका तळहाताच्या साक्षीवर गाव पाणी सोडणार नव्हतं. उत्तरेश्वर हटला, तर मुबीन एकटा आत जाणार होता.

"टोक बोथट झालंय," तो पहार पुढे करत म्हणाला. "लोहाराकडून पाजवून आण."

"आत्ताच आठवलं व्हय?" कुरकुरत मुबीन पायऱ्या चढून गेला.

उत्तरेश्वरने बोगद्याचं छत पेलणाऱ्या बाभळीच्या मधल्या टेकूला दोर बांधला. ओल्या खडकावरून एकदा हात फिरवला. मग बाहेर येऊन विहिरीच्या समोरच्या भिंतीला पाठ लावली.

त्याने दोर ओढला.

धूळ बसली तेव्हा बोगद्याला तोंड उरलं नव्हतं.

मुबीन धावतच खाली आला. पाजवलेली पहार खांद्यावर. ढिगारा पाहून तो मटकन बसला.

"पाणी गेलं की, मामा..."

उत्तरेश्वरने सवयीने दगडांवर तळहात टेकवला.

आतून ठोका आला, पहारीने मारल्यासारखा. खणखणीत.

मुबीनने आधी आपल्या खांद्यावरची पहार चाचपली, मग ढिगाऱ्याकडे पाहिलं.

"मामा," तो पुटपुटला, "आत कोण हाय?"