अजानीनंतरची गिरणा

ड्रोन सिताराच्या गच्चीवर उतरला तेव्हा बांबूवर शेवया वाळत होत्या. खजुराची वाटी सोबत घेऊन ती त्या काढायलाच वर आली होती. आधी भुंग्यासारखी घोंघों ऐकू आली, मग असा वारा सुटला की निम्म्या शेवया उडून शेजारच्या पत्र्यावर गेल्या, आणि मग तो काळा, चार पायांचा पाहुणा गच्चीच्या मधोमध ऐटीत बसला. त्याच वेळी मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली.

सितारानं खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ज्याचं हे आहे, तो येणारच होता.

तो आला. जिना चढून धापा टाकत, एका हातात कंट्रोलर, दुसऱ्या हातात चप्पल.

"माफ करा... अजान व्हायच्या आत खाली घ्यायचा होता. घाईत गच्ची चुकली. आमच्या फुफीची गच्ची ती, पलीकडची."

"गच्ची चुकली ते दिसतंय. शेवया कोण गोळा करणार? तुमची फुफी?"

"मी करतो ना."

"आधी रोजा सोडा." तिनं खजुराची वाटी पुढे केली. "उपाशी माणसाशी भांडायला मजा येत नाही."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे सिताराला नको असताना दिसलं.

त्याचं नाव तौसिफ. राहणारा जळगावचा. वडील दागिन्यांना पॉलिश करायचे, आणि तौसिफ त्याच दागिन्यांचे फोटो काढायचा. जळगावच्या सराफ दुकानांच्या पाटीवर हार किंवा पाटल्यांचा झगझगीत फोटो दिसला, तर तो त्याचा असण्याची बरीच शक्यता. ड्रोन त्यानं लग्नांसाठी घेतला होता. पण भडगावला फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, तो आला होता वेगळ्या कामासाठी.

गावात नवी अभ्यासिका बांधून झाली होती. मुलंमुली परीक्षांचा अभ्यास करायला बसतील अशी मोठी, हवेशीर. तिच्या समोरच्या भिंतीवर गिरणा नदीच्या सूर्यास्ताचा भिंतभर फोटो लावायचा असं ठरलं होतं. अभ्यासिकेच्या मंडळाचे अध्यक्ष प्रेमराज नाना, शब्दाचे पक्के आणि तोंडाचे फटकळ. ते तौसिफला म्हणाले होते, "ईदनंतर उद्घाटन शे. तोवर फोटो दे. नही जमना तर तयार फोटो लावी देऊ."

तयार फोटो म्हणजे कुठल्यातरी समुद्राचा. नारळाची झाडं, वाळूत ओढलेली होडी.

शेवया पत्र्यावरून गोळा करता करता तौसिफनं हे सगळं सांगितलं. सितारा ऐकत होती. नारळाची झाडं म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"आमच्या भिंतीवर नारळ? नदी दारात असताना?"

"म्हणून तर आलोय मी."

"मग नीट काढा," ती म्हणाली. "कारण तो फोटो मलाच छापायचाय."

तिचे अब्बा, फैसलभाई, यांचं बसस्थानकाजवळ छपाईचं दुकान. नावाला अब्बांचं. मोठं मशीन सिताराच चालवायची. जळगावला जाऊन ते शिकून आली होती. रंगाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही, हे गावाला माहीत होतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावरसुद्धा ती त्याला आहे तेवढाच गोरा छापायची.

दुसऱ्या दिवशी तौसिफ पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आला. सितारानं फोटो पडद्यावर उघडला, आणि मोठा करून एकेक कोपरा बघत राहिली. बराच वेळ.

"काहीतरी बोला..." तौसिफ म्हणाला.

"छान आहे. पण ही गिरणा नाही."

"म्हणजे? मी स्वतः काढलाय!"

"आकाश बघा. सगळं एकच पिवळं. पाणी पिवळं, वाळू पिवळी, म्हशी पिवळ्या. हा हार आहे, तौसिफभाई. नदीला बावीस कॅरेटचा मुलामा दिलाय तुम्ही."

तेवढ्यात प्रेमराज नाना चहाला म्हणून दुकानात शिरले. पडद्यात डोकावले.

"पोरा, फोटो झ्याक शे," ते म्हणाले, "पण हाई ते सराफ बजार शे बठ्ठा." सगळा सराफ बाजारच, असं सुनावून ते चहा न घेताच निघून गेले.

तौसिफचा चेहरा उतरला. सिताराला वाईट वाटलं. तिनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "मूळ फोटो दाखवा. कॅमेऱ्यातून आला तसा. हात न लावलेला."

त्यानं दाखवला. तो पिवळा नव्हता. तो फिका होता... धुऊन धुऊन रंग गेलेल्या ओढणीसारखा.

"असा आला म्हणून मी पिवळा वाढवला," तो म्हणाला. "दागिन्यांना तेच करतो. हाताला सवय झालीय."

"पण कॅमेऱ्यानं असा का काढला?"

तौसिफनं कंट्रोलर चालू केला, सेटिंग बघितली, आणि कपाळावर हात मारला. "ऑटोवर आहे! कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतोय. दुकानात पिवळे दिवे असतात ना, त्यांचा पिवळेपणा तो काढून टाकतो. तिथं ते बरंच असतं. पण इथं..."

"इथं संध्याकाळच काढून टाकतो," सितारा म्हणाली. "त्याला वाटतं, एवढा लाल उजेड म्हणजे कुणाची तरी चूक."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... माझ्या डोक्यात होतं, ते तुम्ही बोललात."

त्यानं सेटिंग दिवसाच्या उन्हावर पक्की केली, म्हणजे कॅमेऱ्यानं मधेच स्वतःचं डोकं चालवायचं नाही. फोटोही थोडा गडद घ्यायचं ठरवलं. सूर्याभोवतीचं आकाश एकदा पांढरं फटक पडलं की तिथला रंग नंतर कितीही शोधा, परत मिळत नाही. सितारा विचारत होती, तो सांगत होता. कंट्रोलरचे दांडे सोडले तर ड्रोन पडत नाही का? नाही, जागच्या जागी तरंगत राहतो. अब्बांनी दोनदा खाकरून बघितलं. दोघांनाही ऐकू गेलं नाही.

त्या संध्याकाळचे फोटो बरे आले. पुढच्या संध्याकाळचे आणखी बरे. पण सितारा ते बघायची आणि मान हलवायची. काहीतरी राहतंय... काय, ते तिलाही सांगता येत नव्हतं. एकदा ती गच्चीवर उभी राहून त्याचा ड्रोन बघत होती. सूर्य टेकला, अजान झाली, आणि ड्रोन घाईघाईनं खाली आला. सगळं गाव खाली बघत होतं, सरबताच्या पेल्यात, फळांच्या ताटात. तिनं मात्र खजूर चघळत वर बघितलं, आणि बघतच राहिली.

ती तडक फुफीच्या दारात गेली.

"तुमचा ड्रोनपण रोजा ठेवतो का हो?"

"काय?"

"अजान झाली की घरी पळतो. सूर्य बुडाला की तुम्ही उतरता. खरा रंग त्यानंतर चढतो! बाहेर या, बघा."

तौसिफ हातात भजं घेऊन अंगणात आला. पश्चिमेला सूर्य नव्हताच. पण जिथं तो गेला होता तिथं तांब्यासारखी कड पेटली होती, तिच्यावर फुटलेल्या डाळिंबाचा रंग, आणि त्याच्याही वर जांभळट सावली हळूहळू खाली येत होती.

"महिनाभर..." तो पुटपुटला, "महिनाभर मी ताटावर बसलो होतो."

"आपण सगळेच," ती म्हणाली. "वर्षाचे बाकीचे महिने कोण वर बघतं, आणि रमजानमध्ये तर बघायला कुणी शिल्लकच नसतं."

"पण इफ्तार सोडून... आणि मगरिबची नमाज?"

"शफक असेपर्यंत मगरिबची वेळ असते. अब्बा लहानपणापासून सांगतात. ही लाली दिसतेय ना, हीच शफक. खजूर खा, फोटो काढा, आणि लाली जायच्या आत नमाज पढा. सगळ्याला वेळ दिलेला आहे."

"पण दोन्ही हात कंट्रोलरवर असतात. खजूर कोण देणार?"

सितारा दारातून वळली होती. वळता वळता म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी ते नदीत उतरले. ते दोघंच नव्हेत. वाळूत धुरपदाबाईंची टरबुजाची वाडी होती, आणि "मी धुरपदाबाईजवळ बसते" असं अब्बांना सांगूनच सितारा आली होती. धुरपदाबाई वेलांना पाणी घालत होत्या. त्यांनी एकदा पोराकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि पाठ करून पुन्हा पाणी घालायला लागल्या.

ड्रोन वर गेला. लहान झाला, आणखी लहान झाला. नदीपलीकडे गहू काढायचं काम चाललं होतं. त्याची धूळ उन्हात तरंगत होती. सूर्य त्या धुळीतून खाली गेला, आणि गावातून अजान आली.

"अजान झाली," तौसिफ म्हणाला. दोन्ही अंगठे दांड्यांवर. "आता हात काढला तर ड्रोन जाईल..."

सितारानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वर. सोडला तरी तो जागच्या जागी तरंगतो, हे ती विसरली नव्हती. तरी तिनं खजुरातली बी काढली आणि खजूर त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं मान खाली केली. तिची बोटं त्याच्या ओठांना लागली न लागली... आणि दोघंही घाईघाईनं आकाशाकडे बघायला लागले.

"काय देखी राह्यनात रे वर?" मागून धुरपदाबाई ओरडल्या. "सूर्य ते बुडी गया!"

"म्हणूनच बघतोय, अक्का!" सितारा म्हणाली.

आणि मग शफक चढली. पडद्यावर नदी वरून दिसत होती. तिचं वळण, वाळूचे पट्टे, वाडीचे काळपट वेल. तौसिफ ड्रोन घाटाकडे नेत होता.

"थांब, तौसिफ! हलवू नकोस. इथंच... आता!"

त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग हळूच म्हणाला, "आता मला परत 'तुम्ही' म्हणायचं नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "लाली जाईल. नमाज पढ आधी."

त्यानं वाळूवर रुमाल अंथरला. ती धुरपदाबाईंकडे जाऊन बसली, आणि धुरपदाबाईंनी काही न विचारता तिच्या हातात टरबुजाची फोड ठेवली.

छापायच्या दिवशी भांडण झालं. सितारानं नमुन्याचा तुकडा छापला, बघितला आणि म्हणाली, "लाल थोडा वाढवते. भिंतीवर उठून दिसेल."

"नको."

"छपाई माझी आहे."

"हो. पण डोळे मीट. परवा पाणी कसं होतं?"

तिनं डोळे मिटले. "शिशासारखं... निळसर. मधेच एक तांब्याची रेघ."

"मग?"

तिनं वाढवलेला लाल परत काढला. "पिवळ्या मुलाम्यावर मी तुला हसले होते," ती म्हणाली. "आता मीच लाल मुलामा देत होते."

"गावावर जीव आहे तुझा. म्हणून होतं तसं."

मशीन सुरू झालं. कागद इंचाइंचानं बाहेर येऊ लागला. आधी जांभळं आकाश, मग डाळिंबी, मग तांबं, आणि शेवटी नदी. दोघं दोन बाजूंना कागद धरून उभे होते, लहान बाळाला धरावं तसे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. फोटोवरचा पडदा सरकला, आणि अभ्यासिकेत एवढी शांतता पसरली की तौसिफला पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. सितारा त्याच्यापासून चार माणसं सोडून उभी होती. ती फोटोकडे बघत नव्हती, माणसांकडे बघत होती.

मग कुणीतरी म्हणालं, "तो आपला घाट." दुसरं म्हणालं, "आणि ती आमच्या मळ्याची कड!" लोक पुढे सरकले. आपापली वाट, आपापलं झाड बोटानं दाखवू लागले. धुरपदाबाई पदर सावरत अगदी भिंतीपाशी गेल्या. "हाऊच रंग," त्या म्हणाल्या. "मी बठ्ठी जिंदगी हाऊच रंग देखा." आणि त्यांनी वळून गर्दीकडे असं बघितलं, जणू नदी त्यांनीच वळवून आणली होती.

प्रेमराज नाना काठी टेकत फोटोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. शेवटी म्हणाले, "हाई शे गिरणा." एवढंच म्हणाले. पण ते म्हणताना त्यांची मान ताठ झाली होती. तशी मान सगळ्या गावाची झाली होती.

सत्कार झाले, पेढे वाटले, माणसं पांगली. मुलंमुली पुस्तकं उघडून बसली. भिंतीवर 'शांतता राखा' अशी नवी पाटी होती. फोटोखाली तौसिफ आणि सितारा राहिले. बोलायचं ते कुजबुजत.

"उद्या जळगावला जातो," तौसिफ म्हणाला.

"जा की."

"काम संपलं म्हणून जातो... नाहीतर..."

"नाहीतर काय?"

त्यानं फोटोकडे बघितलं. "आजवर मी लोकांचं सोनं चमकवलं. पहिल्यांदा असं काही काढलं, जे चमकवावं लागलं नाही. ते तुझ्यामुळे."

"आपल्या दोघांमुळे," ती म्हणाली. "अर्धा मान माझा आहे, तो मी सोडणार नाही."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. "जायच्या आधी तुझ्या अब्बांना भेटतो. त्यांना विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"तुला माहीत आहे."

सितारानं मान वर केली. फोटोतल्या शफकेचा रंग तिच्या ओढणीवर पडल्यासारखा वाटत होता. "अब्बांना नंतर विचार, तौसिफ. आधी मला विचार."

तौसिफनं इकडेतिकडे बघितलं. पुस्तकांवर वाकलेली डोकी, भिंतीवरची पाटी. तो इतक्या हळू बोलला की ते फक्त तिलाच ऐकू आलं. "सितारा... माझ्याशी निकाह करशील?"

"हो," ती म्हणाली. कुजबुजत नाही. सगळ्या अभ्यासिकेनं पुस्तकातून मान वर काढावी, एवढ्या मोठ्यानं.