विमानाला भरवलेला गूळ

तिघांपैकी दोघं म्हणाले नदीला पूर आलाय आणि एकजण म्हणाला नदी आटलीय, तर तुम्ही कुणाचं ऐकाल? दोघांचंच ना? शहाणे आहात. पण याच शहाणपणापायी शाल्मलीचा जीव अटलांटिक महासागरावर टांगणीला लागला होता.

विमान कोरं करकरीत. नागपूरहून ब्राझीलला त्याची पहिलीच फेरी. चालवत होती शाल्मलीची वैजूआत्या. तिच्या शेजारी दक्ष नावाचा यंत्रमानव आणि मागच्या छोट्या खुर्चीत पट्टा आवळून बसलेली शाल्मली. इंधन जळून विमान हलकं झालं, तसं दक्षने ते आणखी वर चढवायला घेतलं. समोरच्या तीन वेगकाट्यांपैकी दोन झपाट्याने वर सरकले आणि भोंगा किंचाळला.

"वेग जादा," दक्ष म्हणाला. "असाच वाढला तर पंख मोडतील. मी नाक वर करतो, इंजिनांचा जोर उतरवतो."

"अरे थांब! तिसरा काटा बघ. तो म्हणतोय वेग घटतोय."

"दोन विरुद्ध एक, कॅप्टन. मतदान झालं."

नाक वर गेलं. इंजिनांची घरघर बसत गेली. आणि मग हिवतापात दात वाजावेत तसं सगळं विमान थडथडू लागलं. मागे प्रवासी ओरडले.

आत्याचा चेहरा पांढराफटक. "ही थरथर जादा वेगाची असली आणि मी नाक खाली घातलं, तर विमान मोडेल. स्टॉलची (नाक फार वर, वेग कमी, हवा पंखाला सोडून देते तेव्हाची) असली आणि नाही घातलं, तर पडेल."

"आत्या, वेग कशाने मोजतात गं?"

"आत्ता सुचतंय तुला? पिटो नळीने (समोरचा वारा आत घेऊन त्याचा दाब सांगणारी नळी). धावत्या गाडीतून हात बाहेर काढलास की वारा तळवा ढकलतो ना, तसं. वेग जितका जास्त, तितका धक्का जास्त."

"म्हणजे नाकाजवळ डावीकडे दोन आणि उजवीकडे एक आहे, त्या?"

"तुला कसं ठाऊक?"

शाल्मलीला रडूच फुटलं. "मला वाटलं ती विमानाची तोंडं! सकाळी नव्या विमानाची पूजा झाल्यावर शिडीवर चढून नैवेद्याचा गूळ मी डावीकडच्या दोघांना चाटवला. तिसऱ्याकडे निघाले, तेवढ्यात तू हाक मारलीस."

बर्फ साचू नये म्हणून या नळ्या आतून तापत्या ठेवतात. गूळ वितळला, आत ओघळला आणि तासन्‌तास भाजून शेवटी चिक्कीसारखा कडक झाला. नळ्यांची तोंडं आणि पाणी निथळायची भोकं, दोन्ही बंद! आत कोंडला तो खालच्या उंचीवरचा दाब. यंत्र हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी ताडून बघतं. विमान चढलं, बाहेरची हवा विरळ झाली, दोहोंतला फरक वाढला. बिचाऱ्या यंत्राला वाटलं, वेगच वाढला!

"दक्ष, हे दोन साक्षीदार नव्हेत," आत्या ओरडली. "एकच चूक दोन तोंडांनी बोलतेय!"

"माझ्या माहितीत गूळ नाही, कॅप्टन."

"माझ्या भाचीच्या माहितीत आहे. सोड!"

तिने खटका दाबून दक्षचा ताबा काढून घेतला आणि दांडा पुढे रेटला. समोरच्या काचेत आभाळ संपलं, नुसता समुद्र उभा राहिला. शाल्मलीने डोळे मिटले. आत्याचं चुकलं असेल, तर आता पंख मोडतील. आता... आता...

थरथर थांबली.

तिसरा काटा हळूहळू वर सरकला. आत्याने अलगद नाक सावरलं, इंजिनांचा जोर वाढवला, आणि मग कितीतरी वेळाने कपाळावरचा घाम पुसला. "घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे," ती म्हणाली खरी, पण मागे वळून तिने भाचीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

ब्राझीलच्या धावपट्टीवर विमान थांबलं. दक्ष म्हणाला, "शाल्मलीताई, एक शंका. तुमचा हात तिसऱ्या नळीपर्यंत पोचला असता तर?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "तर तिघांचं एकमत झालं असतं."

"आणि मी निर्धास्तपणे ऐकलं असतं."

शाल्मली विचारात पडली. "म्हणजे चौथा साक्षीदार वेगळ्या जातीचा हवा. जी चूक या तिघांना फसवेल, ती त्याला फसवणार नाही असा. वाऱ्यातल्या धुळीवर प्रकाशाचा किरण सोडून वेग मोजता येईल का रे?"

"येईल. त्याला नळी लागणार नाही."

"वा!" शाल्मली डोळे पुसत म्हणाली. "मी मोठी झाले की तोच बसवणार. गूळ भरवायला तोंडच नको त्याला!"