माझूआई नुसती हसली

"अहो, तुमच्या बायका वाहून चालल्या!"

खाय-वनला मी मारलेली ही पहिली हाक. बेटाच्या खडकावर चढताना त्याच्या हातून टोपली निसटली नि रंगवलेले लाकडी पक्षी लाटांवर पांगले. होडी वळवून मी एकेक उचलला. तो ओलाचिंब, हसत उभा... शेवटचा पक्षी त्याच्या हाती द्यायला मी उगाच वेळ लावला.

ते लाकडी सुरय, म्हणजे समुद्रपक्षी, कड्यावर मांडले की खरे सुरय भुलून उतरतात, अंडी घालतात. त्यांच्यावर नजर ठेवायला तो झोपडीत राहायचा. मी पाणी नि शिधा पोचवायची. मग तैपेईहून ज-रुई आली, तीही पक्ष्यांच्या अभ्यासाला. एकाच दुर्बिणीपाशी दोघांची डोकी... आणि होडीत माझ्या अंगाचा तिळपापड!

"आज कालवं नाही आणलीस, आ-यू?" त्यानं विचारलं.

"आणेल की तुझी दुर्बीणवाली."

"तिला नाही आवडत."

"आवडीनिवडीही पाठ झाल्या वाटतं!"

हंगाम सरला. ज-रुई परत निघाली. तिकडे त्यालाही नोकरी मिळत होती. मी दर्यादेवी माझूआईच्या देवळात धावले. कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी कपाळाला लावून विचारलं, "आई, तो माझा आहे ना?" कोरी टाकल्या. दोन्हींची चपटी बाजू वर — म्हणजे होही नाही, नाहीही नाही, देवी हसली! पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. "आई, तूसुद्धा?" म्हणत मी डोळे पुसले.

सकाळी ज-रुई बॅग घेऊन होडीत बसली. तो खडकावरच.

"तुझं सामान?" माझा आवाज कोरडा.

"मी नाही जात. तो एक नर बघ, रोज मासा आणून लाकडी मादीपुढं उभा राहतो. ती ढिम्म! माझं तेच झालंय."

"मी लाकडी?"

"लाकडी बरी — टोमणे तरी मारत नाही." तो खाली बघू लागला. "परवा गावात आलो, तेव्हा देवळात कोरी टाकल्या. आ-यू माझी होईल का, म्हणून... आई नुसती हसली. मी रडकुंडीला आलो, तर पुजारीआजोबा म्हणाले, ठाऊक असलेलं विचारलं की ती हसते, बाळा."

फडक्याखाली झाकलेली कालवं तेवढी मी पुढं केली... रागातही रोज आणत होतेच की!

"लाकडीनं घेतला बाई मासा एकदाचा!" ज-रुई वैतागली. "आता होडी हाका, माझी बोट चुकेल."

टेकडीवर देवळाचं छप्पर लखलखत होतं. गाभाऱ्यात आई अजूनही हसत असणार — माझी खात्रीच होती.