एकतीस पूर्णांक चार

"माझ्या भावाला पोलीस कालपासून मारताहेत," बाई दारातूनच म्हणाली. "दोन दात पाडलेत. तो चिवट नाही हो. उद्यापर्यंत खून कबूल करून बसेल."

मावशींनी तिला खुर्ची दिली. खासगी तपासाच्या कामात त्यांची वीस वर्षं गेली होती. गाडी चालवायला आणि वेळ आलीच तर दांडगाई करायला भाचा होता, पूर्वीचा व्यायामशिक्षक. त्याच्या मते या धंद्यातलं खरं काम तोच करायचा.

बाईचा भाऊ एका प्रयोगशाळेत कंप्युटर ऑपरेटर होता. लिफ्टचे पोलादी दोर तिथे यंत्रावर ताणून तोडत आणि किती भाराला तुटले ते नोंदवत. यंत्र चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. काल सकाळी साडेअकराच्या सुमारास यंत्रखोलीत कुणीतरी उस्तादांचं डोकं फोडलं. अकरा चाळीसला ऑपरेटरच्या पासवर्डनं एक नोंद झाली : दोर पास. यंत्राचा काटा मात्र पास व्हायच्या भाराच्या कितीतरी खाली अडकलेला होता.

"आणि तुमचा भाऊ त्या वेळी कुठे होता?"

"गच्चीवर, सिगरेट ओढत. एकटाच. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवलेली. अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होती."

"शाबास!" भाचा पुटपुटला.

फौजदारांनी यंत्रखोलीचं सील काढून दोघांना आत घेतलं. यंत्राशेजारच्या भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. पोलादी कांब एकदा नाही, चारपाच वेळा बसली होती. मधे घातलेल्या हाताची बोटंही चेचली होती, फौजदारांनी सांगितलं. खोलीत उकडत होतं. काल सकाळी दहालाच एसी बंद पडला होता आणि खोलीला सील असल्यामुळे दुरुस्ती अडली होती.

"थर्मामीटर तेवढा वाचला बघ," भाचा म्हणाला.

खरंच, रक्तानं भरलेल्या भिंतीवर थर्मामीटरची लाकडी पट्टी वरखाली लाल होती. मधली काच मात्र स्वच्छ होती.

फौजदारांनी नोंदीचा कागद दिला. त्यावर दोराचा क्रमांक, भार आणि खोलीचं तापमान ३१.४ एवढंच होतं.

प्रयोगशाळेचे मालक घाम पुसत आले. "मी माझ्या खोलीत होतो. ऑपरेटर हरामखोर निघाला. एवढा चांगला माल, आमच्या सरांच्या जावयाच्या कारखान्यातला, आणि त्यालाच बट्टा!"

"किती उकडतंय हो. तापमान काय आहे, जरा बघता?"

मालकांनी डोळे बारीक केले. "एकतीस... बत्तीस. काय ते!"

मग सर आले. प्रयोगशाळेचे प्रमुख, तीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्री.

"काल मी या खोलीत पाऊलसुद्धा ठेवलं नाही. आणि जावयाचं नाव कुजबुजताहेत ते मला कळतं, बाई. कायदा मी वाचलाय. दुसऱ्याच्या पासवर्डनं खोटी नोंद केली तर फार तर तीन वर्षं. तेवढ्यासाठी कुणी फासाचा दोर ओढवून घेईल?"

"खरं आहे तुमचं. तापमान काय झालं असेल हो?"

सर थर्मामीटरसमोर गेले, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणला. "बत्तीस पूर्णांक दोन."

"मावशी, तुला बरं वाटत नाहीये का?" भाच्यानं काळजीनं विचारलं.

कोठडीतही मावशींनी तेच विचारलं. ऑपरेटरचे ओठ फुगून वांग्याएवढे झाले होते. "तापमान? मी रोज सत्तावीसच टाकतो. एसी सत्तावीसवर असतो ना. कोण उठून बघणार?"

"एसी बंद पडला तरी?"

"तरी."

मावशींनी दोन वर्षांच्या नोंदी काढायला लावल्या आणि चार वाजता सगळ्यांना यंत्रखोलीत बोलावलं. ऑपरेटरची बहीणही आली.

"खुन्यानं उस्तादांना मारलं," मावशी म्हणाल्या, "आणि मग प्रेतावरून वाकून थर्मामीटरची काच पुसली. भिंत भरलेली आणि काच तेवढी स्वच्छ, हे आपोआप होत नाही. पुसली, कारण त्याला तापमान वाचायचं होतं."

"खून करून तापमान?" भाच्यानं तोंड वासलं.

"नोंदीत तो रकाना असतो. ऑपरेटर तिथे डोळे मिटून सत्तावीस लिहितो. दोन वर्षांत एकही नोंद वेगळी नाही. कालची एकच, एकतीस पूर्णांक चार. आता थर्मामीटर पाहा. रेघा पूर्ण अंशांच्या आहेत, मधे काही नाही. मालकांसारखा माणूस एकतीस की बत्तीस यातच अडकतो. दोन रेघांमधला दहावा भाग नजरेनं ठरवायला नुसते डोळे पुरत नाहीत, सवय लागते. ती इथे दोघांना होती. एक उस्ताद. ते मेले."

सगळे सरांकडे वळले.

"जावयाचा दोर तुटला. उस्ताद खरा आकडा सोडेनात. तीन वर्षांच्या भीतीनं नाही मारलंत, सर. हाताखालच्या माणसानं तुम्हाला खोटारडा म्हटलं, तो राग होता. भार तुम्ही खोटा लिहिलात. पण तापमान खोटं लिहायला हात धजेना."

सर हसले. दुसऱ्याच क्षणी त्यांनी यंत्राशेजारची दुसरी एक कांब उचलून मावशींच्या डोक्याच्या रोखानं हाणली. भाच्यानं ती मधेच खांद्यावर झेलली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी त्यानं सरांचं मनगट धरून यंत्राच्या कडेवर आपटलं, दोनदा, तिसऱ्यांदाही, मग फौजदारांनीच त्याला ओढलं.

सर रक्ताळलेला हात छातीशी धरून खाली बसले. "एकतीस चारच होतं," ते म्हणाले.

त्यांना नेल्यावर बहिणीनं विचारलं, "म्हणजे माझा भाऊ सुटला ना?"

"खुनातून. पण त्यासाठी कोर्टात त्यालाच लिहून द्यावं लागेल की दोन वर्षं मी न बघता आकडे टाकले. तीही कंप्युटरमधली खोटी नोंदच. दोरांबरोबर ते आकडे लिफ्टवाल्यांकडे गेलेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते."

"आणि नाही दिलं तर?"

"तर सरांचा वकील म्हणेल, कालच त्यानं उठून बघितलं असेल."

बाई फौजदारांकडे वळली.

"कागद तयार करा. सही घ्यायचं काम माझं. पण आधी त्याला डॉक्टरकडे न्या. उजव्या हाताची बोटं तुम्ही मोडलीत, साहेब. पेन धरता यायला हवं त्याला."

फौजदारांनी मान खाली घातली आणि गाडी मागवली.