आजींच्या खोलीची झडप

एसी थंड करत नाही म्हटलं की कारणं मोजून पाच-सहा. फिल्टर तुंबलेला, गॅस कमी, बाहेरच्या युनिटचा पंखा बंद, हवा नेणारा डक्ट कुठेतरी उसवलेला, नाहीतर घरातल्याच कुणीतरी नको ते बटण दाबलेलं. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. सातवं कारण अजून पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी दोन वाजता ज्या घरी गेलो ते ओळखीचं होतं. मागच्या उन्हाळ्यात येऊन गेलो होतो. तेव्हा नसलेलं एक माणूस आता घरात होतं. तीन महिन्यांचं बाळ, घामोळ्यांनी लालेलाल, रडून रडून घसा बसलेलं.

"काहीही करा, पण आज घर थंड करा," वहिनी म्हणाल्या. "असंच राहिलं तर बाळाला ॲडमिट करावं लागेल म्हणतात."

बाहेरचं युनिट ठणठणीत होतं. गॅस बरोबर, फिल्टर स्वच्छ. मशीनच्या तोंडाशी हवा बारा अंश. दिवाणखान्यातल्या जाळीखाली थर्मामीटर धरला, एक्केचाळीस. स्वयंपाकघरात एक्केचाळीस. बेडरूममध्येही एक्केचाळीस. तीन खोल्यांत दशांशाचाही फरक नाही, असं कधी होत नाही.

आणि प्रत्येक जाळीला लाल लोकरीचा धागा बांधलेला. गरम वारा माझे केस उडवत होता. धागा मात्र सरळ लोंबत होता.

"हे धागे तुम्हीच बांधून गेलात ना?" वहिनींनी विचारलं.

मी एकच बांधला होता, तोही तीन वर्षांपूर्वी, या घरच्या साहेबांच्या आईच्या खोलीत. आजी कायम काहीतरी विणत बसलेल्या असायच्या. "वारा येतोय की नाही, ते मला म्हातारीला कळणार कसं रे?" असं म्हणाल्या, म्हणून त्यांच्याच गुंड्यातली लोकर तोडून जाळीला बांधली. म्हटलं, "धागा हलतोय तोवर वारा आहे. थांबला की मला सांगा." त्या हसल्या होत्या.

मागच्या उन्हाळ्यात साहेब म्हणाले, "आई कायमची ताईकडे राहायला गेली. तिच्या खोलीत वारा उगाच वाया जातोय, तेवढा बंद करून टाका." खोलीच्या डक्टमधली झडप बंद करण्याआधी खोली उघडून बघायची, हा माझा नियम. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी एरवी शिव्या घालतो. पण दार बंद होतं, मला पुढच्या कामाला उशीर होत होता. फॉल्स सीलिंगच्या वर डोकं घालून मी तिथूनच झडप फिरवली आणि चिकटपट्टीवर लिहिलं, 'खोली रिकामी'.

तेव्हा खाली कुणीतरी खोकलं. टीव्ही असेल, म्हटलं.

"आजी अजून ताईंकडेच असतात का?" मी विचारलं.

बाळाला वारा घालणारा वहिनींचा हात थांबला. "कोण ताई? यांना बहीण नाही. सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. उष्माघातानं, इथेच, त्यांच्या खोलीत. मी माहेरी होते."

साहेब दारात उभे होते. "वय झालं होतं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी शिडी लावून वर गेलो. झडप बंदच होती, पट्टीवर माझंच अक्षर. पण झडपेपलीकडचा, आजींच्या खोलीकडे जाणारा डक्ट बर्फाच्या पेल्यासारखा घामेजला होता. सगळ्या घराची थंडी बंद झडपेतून तिकडे जात होती. झडपेची दांडी दोन्ही हातांनी ओढली. जागची हलली नाही.

खाली आलो. आजींच्या दाराला बाहेरून कडी होती. ती काढली. आत छान गारवा होता, बावीस अंश. जाळीवरचा धागा आनंदानं उडत होता.

"अरे, ही खोली तर मस्त आहे," साहेब म्हणाले. "बाळाची गादी इथेच टाका."

बोलायची वेळ तीच होती. पण बोलायचं तर खोकल्याचंही सांगावं लागलं असतं. मी गादीचं एक टोक धरलं.

गादीवर ठेवताच बाळ शांत झालं. वहिनींनी दार हळूच ओढून घेतलं. साहेबांनी सवयीनं कडी लावली.

पाच मिनिटांत दिवाणखान्यातला धागा हलला. मग स्वयंपाकघरातला. मग बेडरूममधला. घर गार पडू लागलं. वहिनी जाळीखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या.



"बाळाला एकदा बघून घ्या," मी म्हणालो.

"आत्ता कुठे झोपलंय," साहेब म्हणाले. "उठवू नका."

मी कडीला हात लावला. चटका बसला.

आत कुणीतरी खोकलं. म्हातारा, कोरडा खोकला.

टीव्ही असेल, म्हटलं. खरं सांगतो, पुन्हा तेच म्हटलं.

आमच्या कागदावर शेवटची ओळ छापलेली असते, 'सर्व खोल्या उघडून तपासल्या'. तिच्यापुढे खूण केली, सही केली आणि निघालो.

मोटारसायकल पार कोपऱ्यावर आल्यावर लक्ष गेलं. हँडलला लाल धागा बांधलेला होता. वारा तोंडावर आपटत होता, शर्ट फडफडत होता. मी वेग वाढवला.

धागा सरळ लोंबत होता.