पदराच्या गाठीतला ओवा

भुतं रात्रीच येतात, हे कोणी ठरवलं? ही भर दुपारची गोष्ट आहे. यवतमाळजवळच्या बोरी अरब गावची, आणि शंभर टक्के खरी. शीला माझी मावसबहीण. खोटं बोलायला तिला फुरसत नाही, आणि भूतबित त्यांच्या घरात कोणी मानतही नाही.

शीलाचे सासरे भीमराज. माणूस धडधाकट, पण शेवटच्या काही महिन्यांत एक खोड लागली होती. येता-जाता दाराच्या सागवानी चौकटीला डावा खांदा घासायचे.

घस्... घस्...

"बैलावानी काहून घासून राह्यले जी?" इंदूबाई, म्हणजे शीलाची सासू, हसायच्या. सगळेच हसायचे.

एका दुपारी त्यांची छाती जड झाली. दरदरून घाम सुटला. इंदूबाई म्हणाल्या, ग्यास आहे. ओवा-मीठ चावायला दिलं, सोडा पाजला, निजवलं.

ते उठलेच नाहीत.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनाला, त्यांच्या मुलाने, शीलाच्या नवऱ्याने, चौकटीला निळा रंग दिला. अश्वजित त्याचं नाव. आठवडाही झाला नसेल, एका जागचा रंग गेला.

बरोबर खांद्याच्या उंचीवर... लाकूड उघडं, गुळगुळीत.

"बाजूच्या वच्छलाबाईची बकरी घासत असन," इंदूबाई म्हणाल्या.

 पण बकरी कधी माणसाएवढी उंच असते का?

मग घरातला ओवा नाहीसा व्हायला लागला. डबा जागेवर, झाकण घट्ट... आत दाणा नाही. जिरं होतं, मोहरी होती. ओवाच तेवढा नाही.

"शीले, माह्या पोराले ग्यासचा त्रास आहे. ओवा कायले लपवून राह्यली?"

"मी कायले लपवू, आत्याबाई? तुमीच कोण्या बाबाले नेऊन देत असान."

झालं. एका चुलीपाशी दोघी, आणि एकीची नजर दुसरीच्या हातावर. सासू काहीतरी उतारा-बितारा करते, असं शीलाच्या मनाने घेतलं. सून आपल्या पोराच्या जिवावर उठली, असं सासूच्या. आणि ज्याच्यावरून हे सगळं, तो अश्वजित मोटारपंपांच्या जळालेल्या कॉइल भरून द्यायच्या दुकानात मजेत. डॉक्टरने बीपीची गोळी दिली होती, तीही त्याने सोडलेली. "बरं वाटून राह्यलं न आता, कायले खाऊ?"

शेवटी शीलाने बाजारातून ओवा आणला आणि पदराच्या गाठीत बांधला. आता पाहतेच, म्हणाली, कोण चोरतं ते.

त्याच दुपारी अश्वजित दुकान सोडून घरी आला. चेहरा राखेसारखा. खाटेवर बसला.

"छातीत जड वाटून राह्यलं. ग्यास असन."

"दे वो ओवा, लवकर!" इंदूबाई ओरडल्या.

गाठ घट्ट होती. शीलाला दातांनी सोडावी लागली.

आत... काहीच नव्हतं.

नुसता वास होता.

आणि दारातून आवाज आला.

घस्... घस्...

दारात कोणी नव्हतं. बकरीही नाही. शीला वळली. खाटेवर अश्वजित भिंतीला डावा खांदा घासत होता.

त्याच तालात.

तिला एकदम उमगलं. अगं बाई, मामाजींना खाज नव्हती सुटत. दुखायचं त्यांना!

"उठा. यवतमाळले चला."

"बावरली काय? ग्यासले कोणी यवतमाळले नेते?" सासू आडवी आली. "मी आणतो न वच्छलाबाईकडून ओवा."

"आत्याबाई, मामाजीले ओवाच देल्ला होता न?"

इंदूबाईंचा आडवा हात खाली आला. मग त्याच धावत गेल्या आणि शेजारच्या खेमसिंगला गाडी काढायला लावली.

दवाखान्यात छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टी पाहताच डॉक्टरने गोळी चावायला दिली. "हार्ट अटॅक आहे. बीपीची गोळी कोणाला विचारून बंद केली? घरी निजवला असता, तर हातचा गेला असता." मग शीलाला बजावलं, "आणि दर वेळी छातीतच दुखतं असं नाही. खांदा, जबडा, दाढ... बायकांना तर कधी नुसता थकवा येतो."

पुढे नागपूरला नेऊन स्टेंट टाकला. अश्वजित वाचला.

घरी आल्यावर शीलाने डबा उघडला. काठोकाठ ओवा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण या वेळी भांडण झालं नाही. इंदूबाई चौकटीपाशी गेल्या, उघड्या लाकडावर तळहात ठेवला आणि ढसाढसा रडल्या. तेव्हापासून चौकट कोणी रंगवत नाही, आणि अश्वजित एकही गोळी चुकवत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

आज दुपारी शीलाचा फोन आला. आवाज दबका.

"ताई... डबा रिकामा आहे."

"अश्वजित?"

"दुकानात आहेत. आताच विचारलं. गोळी घेतली, बरे आहेत."

"मग?"

 फोनमध्ये मागून काहीतरी ऐकू येत होतं...

घस्... घस्...

"आत्याबाई चुलीपाशी बसल्या आहेत," शीला म्हणाली. "सकाळपासून म्हणून राह्यल्या, दाढ दुखते, अंग गळून गेलं... लवंग दे म्हणतात." मग एकदम मोठ्याने, "खेमसिंगभाऊ, गाडी काढा!"

फोन कट झाला.

आता दिवेलागण झाली. अजून काही कळलं नाही. मी मघापासून माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे. समोर ओव्याचा डबा आहे...

झाकण उघडायचा धीर होत नाही.